ह्यूगो सांचेझ : आघाडीपटू ते प्रशिक्षक – मेक्सिकन फुटबॉलच्या इतिहासातील व्यक्ती, संस्था आणि काळ

सारांश

मेक्सिकोचे आघाडीपटू ह्यूगो सांचेझ यांनी स्पेनच्या साखळी स्पर्धेत पाच वेळा सर्वाधिक गोलांचा मान मिळवला. प्रशिक्षक म्हणून मात्र त्यांच्या कारकिर्दीबद्दल टोकाची मते व्यक्त होतात. एका विद्यापीठीय संघाला त्यांनी एकाच वर्षात दोन विजेतेपदे मिळवून दिली आणि पुढे राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद सोळा महिन्यांत गमावले. 'थोर खेळाडू चांगला प्रशिक्षक होतोच असे नाही' या सर्वसाधारण विधानाने या विरोधाभासाचा उलगडा होत नाही. सांचेझ यांच्या दोन्ही कारकिर्दींची कालक्रमानुसार तुलना केल्यास यशाचा संबंध व्यक्तीच्या गुणांइतकाच त्या व्यक्तीला मिळालेल्या संस्थेशी आणि अवधीशी आहे, असे प्रस्तुत शोधनिबंधात प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : मेक्सिको, फुटबॉल, क्रीडा-इतिहास, विद्यापीठीय संघ, प्रशिक्षक, संस्था.

प्रस्तावना

क्रीडा-इतिहासाचे लेखन बहुधा विक्रमांच्या नोंदीत अडकून पडते. कोणी किती गोल केले, कोणता चषक कोणत्या वर्षी जिंकला, एवढी माहिती दिली की खेळाडूचे चरित्र पूर्ण झाले असे मानले जाते. परंतु खेळाडू हाही समाजातील एखाद्या संस्थेत घडतो, ती संस्था सोडून दुसरीकडे जातो आणि कधी कधी त्याच संस्थेकडे वेगळ्या भूमिकेतून परततो. या जाण्या-येण्यात त्याच्या गुणांची किंमत बदलत जाते. ही बदलती किंमत तपासणे हे क्रीडा-इतिहासाचे खरे काम आहे.

या दृष्टीने ह्यूगो सांचेझ यांचे चरित्र विशेष उपयुक्त ठरते. त्यांची कारकीर्द दीर्घ आहे, तिच्या नोंदी उपलब्ध आहेत आणि तिच्यात यश व अपयश दोन्ही ठळक आहेत. फुटबॉल-इतिहास व संख्याशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने त्यांना उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन विभागातील विसाव्या शतकाचा सर्वोत्तम खेळाडू ठरवले. त्याच सांचेझ यांना २००८ साली केवळ एका गोलाच्या कमतरतेमुळे राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद सोडावे लागले. गोल करणे हेच ज्यांचे आयुष्यभराचे काम होते, त्यांच्या संघाला नेमका एक गोल कमी पडला. या घटनेकडे केवळ दैवदुर्विलास म्हणून न पाहता तिच्यामागील कारणांचा शोध घेणे आवश्यक आहे.

प्रस्तुत लेखनाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : १) सांचेझ यांच्या खेळाडू म्हणून झालेल्या जडणघडणीत विद्यापीठाचे स्थान निश्चित करणे, २) स्पेनमधील त्यांच्या यशाचा कालक्रम तपासणे, ३) प्रशिक्षक म्हणून त्यांच्या यशापयशाची तुलनात्मक मीमांसा करणे.

विद्यापीठाचे मैदान

सांचेझ यांचा जन्म ११ जुलै १९५८ रोजी मेक्सिको शहरात झाला. वडील हेक्टर सांचेझ हे स्वतः फुटबॉलपटू होते, तर बहीण हर्लिंडा ही जिम्नॅस्ट होती. गोल केल्यानंतर हवेत कोलांटी मारण्याची जी लकब पुढे जगभर सांचेझ यांची ओळख बनली, ती त्यांनी बहिणीकडूनच उचलली. १९७५ साली मेक्सिको शहरात झालेल्या पॅन-अमेरिकन क्रीडा स्पर्धेत ते मेक्सिकोच्या संघात होते. त्या स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक मेक्सिको व ब्राझील यांना विभागून देण्यात आले. पुढील वर्षी ते माँट्रियल ऑलिंपिकमध्ये खेळले.

१९७६ मध्ये ते 'पुमास' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संघात दाखल झाले. हा संघ मेक्सिकोच्या राष्ट्रीय स्वायत्त विद्यापीठाचा. या विद्यापीठाला १९२९ साली स्वायत्तता मिळाली आणि विसाव्या शतकातील मेक्सिकोच्या बौद्धिक व राजकीय जीवनात त्याने मध्यवर्ती स्थान मिळवले. व्यावसायिक फुटबॉल संघाची स्थापना १९५४ साली झाली आणि १९६२ साली तो पहिल्या श्रेणीत पोहोचला. त्याचे सामने विद्यापीठाच्या परिसरातील ऑलिंपिक मैदानावर होतात. १९६८ च्या ऑलिंपिकचे मुख्य मैदान तेच होते. पैसा ओतून तयार खेळाडू विकत घेण्यापेक्षा तरुणांना घडवून वरच्या संघात आणणे ही या संघाची परंपरा मानली जाते.

सांचेझ या परंपरेचे अपत्य होत. ते केवळ विद्यापीठाच्या संघातून खेळले नाहीत, तर त्याच विद्यापीठातून त्यांनी दंतवैद्यकशास्त्राचे शिक्षणही पूर्ण केले. व्यावसायिक खेळ आणि पदवीचा अभ्यास एकाच वेळी पेलणे हे कोणत्याही देशात दुर्मीळच. १९७६-७७ च्या हंगामात पुमासने आपले पहिले साखळी विजेतेपद मिळवले, तेव्हा सांचेझ यांचे वय एकोणीस वर्षांचेही नव्हते. त्यानंतर युगोस्लाव्हियातून आलेले बोरा मिल्युटिनोविच या संघाचे प्रशिक्षक झाले. संघातील ब्राझीलचे आघाडीपटू काबिन्यो हे त्या काळातील मेक्सिकन साखळीतील सर्वांत भरवशाचे गोल करणारे खेळाडू होते. सांचेझ यांना अशा अनुभवी खेळाडूच्या शेजारी उभे राहून शिकण्याची संधी मिळाली. १९७८-७९ च्या हंगामात या दोघांनी प्रत्येकी २६ गोल करून सर्वाधिक गोलांचा मान वाटून घेतला. १९८०-८१ मध्ये पुमासने पुन्हा साखळी जिंकली. त्या दरम्यान १९७९ व १९८० च्या उन्हाळ्यात सांचेझ अमेरिकेतील सॅन दिएगो सॉकर्स या संघाकडून उसनवारीवर खेळले होते.

पाच वर्षांचा हा काळ पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे. एका तरुणाला या काळात स्थिर संघ, ओळखीचे वातावरण, ज्येष्ठ सहकारी आणि शिक्षण या चारही गोष्टी एकाच संस्थेत मिळाल्या. पुढच्या यशाचा पाया येथे घातला गेला.

माद्रिदमधील अकरा वर्षे

१९८१ साली सांचेझ स्पेनच्या ॲटलेटिको माद्रिद संघात गेले. त्यांचे तेथील पहिले वर्ष आज सहसा आठवले जात नाही. १९८१-८२ च्या साखळी हंगामात त्यांचे गोल केवळ ८ होते. मेक्सिकोहून आलेल्या खेळाडूला युरोपात यश मिळत नाही, हा समज त्या काळी प्रबळ होता आणि या आकड्याने त्याला बळकटीच मिळाली असती. शिवाय काही मैदानांवर प्रेक्षकांकडून त्यांच्या वंशाचा उल्लेख करून हेटाळणी केली जात असे. परंतु ॲटलेटिकोने त्यांना ठेवले. पुढील दोन हंगामांत त्यांचे गोल अनुक्रमे १५ व १२ झाले आणि चौथ्या हंगामात, म्हणजे १९८४-८५ मध्ये, १९ गोल करून त्यांनी सर्वाधिक गोलांसाठी दिला जाणारा 'पिचिची' पुरस्कार पटकावला. त्याच वर्षी स्पेनच्या राजचषकाच्या अंतिम सामन्यात ॲटलेटिकोने बिलबाओच्या ॲथलेटिक संघाचा २-१ असा पराभव केला. विजयी संघाचे दोन्ही गोल सांचेझ यांचे होते.

१९८५ मध्ये ते त्याच शहरातील प्रतिस्पर्धी रिअल माद्रिदकडे गेले. तेथे एमिलियो बुत्रागेनो, मिशेल, राफाएल मार्टिन व्हास्केझ आणि मानोलो सांचिस ही स्थानिक तरुणांची पिढी नुकतीच बहरत होती. चेंडू खेळवत पुढे आणणारे हे खेळाडू आणि अखेरचा प्रहार करणारे सांचेझ यांचा मेळ उत्तम जमला. १९८५-८६ ते १९८९-९० या पाचही हंगामांत रिअल माद्रिदने साखळी जिंकली. १९८६ चा युएफा चषक आणि १९८९ चा राजचषक हेही याच काळातील यश. युरोपियन चषक मात्र या पिढीच्या हाती लागला नाही. १९८७, १९८८ आणि १९८९ अशी सलग तीन वर्षे संघ उपांत्य फेरीत पराभूत झाला.

या काळातील सांचेझ यांच्या गोलांची आकडेवारी पुरेशी बोलकी आहे. १९८५-८६ मध्ये २२, १९८६-८७ मध्ये ३४, १९८७-८८ मध्ये २९, १९८८-८९ मध्ये २७ आणि १९८९-९० मध्ये ३८. यांपैकी १९८८-८९ वगळता प्रत्येक हंगामात 'पिचिची' त्यांच्याकडेच आला. एप्रिल १९८८ मध्ये लोग्रोन्येस संघाविरुद्ध त्यांनी पाठ गोलकडे असताना हवेत झेपावून, डोक्यावरून मागे मारलेला गोल स्पॅनिश फुटबॉलमधील सर्वांत देखण्या गोलांमध्ये गणला जातो. १९८९-९० मधील ३८ गोलांनी त्यांनी तेल्मो झारा यांच्या १९५०-५१ च्या विक्रमाशी बरोबरी साधली. हे सर्व ३८ गोल चेंडूला पहिल्याच स्पर्शात केलेले होते, अशी नोंद आहे. त्या वर्षीचा युरोपातील सर्वाधिक गोलांचा 'सुवर्णबूट' त्यांना सीएसकेए सोफियाच्या ह्रिस्तो स्टॉइचकोव्ह यांच्याबरोबर विभागून मिळाला. हा ३८ गोलांचा आकडा २०१०-११ मध्ये ख्रिस्तियानो रोनाल्डो यांनी मागे टाकला.

'पहिल्याच स्पर्शात गोल' ही बाब सांचेझ यांच्या खेळाचे मर्म सांगते. चेंडू अडवायचा, वळवायचा, प्रतिस्पर्ध्याला चकवायचे आणि मग मारायचा, हा त्यांचा मार्ग नव्हता. चेंडू कोठे येणार याचा अंदाज घेऊन तेथे आधी पोहोचायचे आणि येताच तो जाळ्यात धाडायचा, ही त्यांची पद्धत. यासाठी प्रचंड सराव आणि शरीरावर ताबा लागतो. त्याबरोबरच चेंडू योग्य वेळी पाठवणारे सहकारीही लागतात. म्हणजे वरवर पाहता अत्यंत वैयक्तिक वाटणारे हे कौशल्य प्रत्यक्षात संघाच्या सवयीवर उभे होते.

दुखापतींनी १९९० नंतर त्यांचा वेग मंदावला. १९९२ मध्ये ते मेक्सिकोतील अमेरिका क्लबकडे परतले. पुढे रायो व्हायेकानो, अटलांटे, ऑस्ट्रियातील लिंझ, अमेरिकेतील डॅलस बर्न आणि अखेर मेक्सिकोतील सेलाया असा प्रवास करून १९९७ मध्ये त्यांनी खेळाडू म्हणून निवृत्ती पत्करली. स्पेनच्या साखळीत त्यांच्या नावावर ३४७ सामन्यांत २३४ गोल जमा होते. त्यांपैकी ५४ ॲटलेटिकोसाठी, १६४ रिअल माद्रिदसाठी आणि १६ रायोसाठी.

राष्ट्रीय संघ : हुकलेल्या संधी

क्लबसाठी इतके यश मिळवणाऱ्या या खेळाडूचा राष्ट्रीय संघातील हिशेब तुलनेने लहान आहे. ५८ सामने व २९ गोल. यामागे मेक्सिकन फुटबॉलच्या प्रशासनाचा इतिहास आहे.

१९७८ च्या अर्जेंटिनातील विश्वचषकात मेक्सिकोने तिन्ही सामने गमावले. १२ गोल स्वीकारले व दोनच केले. १९८२ च्या विश्वचषकासाठी मेक्सिको पात्रच ठरला नाही. विभागातून होंडुरास व एल साल्व्हाडोर पुढे गेले. हा विश्वचषक स्पेनमध्ये होता आणि सांचेझ त्या वेळी स्पेनमध्येच खेळत होते. १९८६ मध्ये मेक्सिको यजमान होता आणि प्रशिक्षक होते मिल्युटिनोविच. बेल्जियमविरुद्ध सांचेझ यांनी हेडरने गोल केला. परंतु पॅराग्वेविरुद्ध अखेरच्या क्षणी मिळालेली पेनल्टी त्यांना साधता आली नाही आणि सामना १-१ असा बरोबरीत सुटला. उपांत्यपूर्व फेरीत मोंतेरे येथे पश्चिम जर्मनीकडून पेनल्टी शूटआउटमध्ये पराभव झाल्याने यजमानांची वाटचाल संपली.

सर्वांत क्लेशदायक प्रकरण १९९० चे आहे. १९८८ मध्ये वीस वर्षांखालील गटाच्या पात्रता स्पर्धेत मेक्सिकोने वयाची मर्यादा ओलांडलेले खेळाडू खोट्या जन्मतारखांसह उतरवल्याचे उघड झाले. आंतरराष्ट्रीय महासंघाने मेक्सिकोच्या सर्व राष्ट्रीय संघांवर दोन वर्षांची बंदी घातली. परिणामी १९८८ चे ऑलिंपिक व १९९० चा विश्वचषक या दोन्ही स्पर्धांना मेक्सिको मुकला. ज्या हंगामात सांचेझ यांनी ३८ गोल केले, त्याच हंगामाच्या शेवटी इटलीत विश्वचषक झाला आणि युरोपातील सर्वाधिक गोल करणाऱ्या या खेळाडूला तो प्रेक्षक म्हणून पाहावा लागला. पदाधिकाऱ्यांच्या लबाडीची किंमत खेळाडूंच्या एका पिढीने मोजली.

१९९४ च्या विश्वचषकाच्या वेळी सांचेझ छत्तिशीच्या उंबरठ्यावर होते. नॉर्वेविरुद्धच्या सामन्यात ते खेळले. त्यात मेक्सिको ०-१ असा हरला. त्यानंतर ५ जुलै १९९४ रोजी बल्गेरियाविरुद्धचा बाद फेरीचा सामना अतिरिक्त वेळेनंतरही १-१ असा बरोबरीत राहिला. बदली खेळाडू उतरवण्याची मुभा असूनही प्रशिक्षक मिगेल मेहिया बारोन यांनी सांचेझ यांना मैदानात पाठवले नाही. शूटआउटमध्ये मेक्सिको हरला. मेहिया बारोन हेही पुमासचे माजी खेळाडू आणि शिक्षणाने दंतवैद्य. एकाच विद्यापीठाच्या या दोन विद्यार्थ्यांमधील तो निर्णय मेक्सिकोत पुढे अनेक वर्षे वादाचा विषय राहिला. बाकावर बसून राहावे लागण्याचा हा अनुभव प्रशिक्षक होऊ पाहणाऱ्या सांचेझ यांच्या मनावर परिणाम करून गेला असल्यास नवल नाही. पुढे प्रशिक्षकांच्या निर्णयांवर त्यांनी जी कठोर टीका केली, तिचा विचार करताना ही पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी लागते.

पुन्हा विद्यापीठात : २००४ ची दोन विजेतेपदे

प्रशिक्षक म्हणून सांचेझ यांची सुरुवात २००० साली पुमासमध्येच झाली. तो काळ विद्यापीठासाठी कसोटीचा होता. शुल्कवाढीच्या विरोधात एप्रिल १९९९ मध्ये सुरू झालेला विद्यार्थ्यांचा संप फेब्रुवारी २००० मध्ये पोलीस कारवाईने संपला होता. सांचेझ यांची ही पहिली कारकीर्द अल्पजीवी ठरली. परंतु २००१ च्या अखेरीस क्लबने त्यांना पुन्हा बोलावले. अपयशी ठरलेल्या प्रशिक्षकाला परत बोलावणे ही व्यावसायिक फुटबॉलमध्ये अपवादात्मक बाब होय.

या वेळी पहिल्या विजेतेपदासाठी सुमारे अडीच वर्षे लागली. १९९०-९१ नंतर पुमासने साखळी जिंकलेली नव्हती. मेक्सिकोत १९९६ पासून वर्षाला दोन स्वतंत्र स्पर्धा होऊ लागल्या होत्या आणि प्रत्येक स्पर्धेचा विजेता बाद फेरीतून ठरत असे. २००४ हे पुमास क्लबचे पन्नासावे वर्ष. त्या वर्षीच्या पहिल्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत गाठ पडली ग्वादलाहाराशी. पहिला सामना १-१ आणि विद्यापीठाच्या मैदानावरील दुसरा ०-० असा सुटल्यानंतर १३ जून २००४ रोजी पुमासने शूटआउटमध्ये बाजी मारली. ३१ ऑगस्ट रोजी माद्रिदमध्ये सांतियागो बर्नाबेउ चषकाच्या सामन्यात पुमासने रिअल माद्रिदला १-० असे हरवले. गोल होता इस्राएल कास्त्रो यांचा. मैत्रीपूर्ण सामना असला, तरी ज्या मैदानावर सांचेझ यांनी सात वर्षे गाजवली त्याच मैदानावर आपल्या विद्यापीठाचा संघ घेऊन जाणे व जिंकणे याला वेगळा अर्थ होता.

डिसेंबर २००४ मध्ये पुमासने अंतिम फेरीत मोंतेरे संघाला २-१ व १-० असे दोन्ही सामन्यांत हरवून लागोपाठ दुसरे विजेतेपद मिळवले. वर्षाला दोन स्पर्धांची पद्धत सुरू झाल्यापासून असे यश मिळवणारा हा पहिला संघ. त्यानंतर लेऑन संघाने २०१४ मध्ये याची पुनरावृत्ती करेपर्यंत सुमारे दहा वर्षे गेली.

या संघात गोलरक्षक सर्हियो बर्नाल, बचावपटू होआकिन बेल्ट्रान, मधल्या फळीतील हाइमे लोसानो, कास्त्रो व लेआंद्रो, तर आघाडीला फ्रान्सिस्को फोन्सेका आणि अर्जेंटिनाचे ब्रूनो मारियोनी होते. यांपैकी लोसानो पुढे स्वतः प्रशिक्षक झाले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मेक्सिकोने टोकियो ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणि २०२३ चा गोल्ड कप मिळवला. प्रशिक्षक म्हणून सांचेझ यांचा वारसा तपासताना हा धागाही विचारात घ्यायला हवा.

यशाचा हा काळ टिकला नाही. मे २००५ मध्ये विभागीय विजेत्यांच्या चषकाच्या अंतिम फेरीत कोस्टारिकाच्या साप्रिसाकडून पुमास पराभूत झाला. साखळीत संघाला बाद फेरीही गाठता आली नाही आणि २००५ मध्येच सांचेझ यांनी पुमास सोडले. २००६ मध्ये ते नेकाक्सा संघाकडे अल्पकाळ होते.

राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद : २००६ ते २००८

२००२ ते २००६ या काळात मेक्सिकोचे प्रशिक्षक अर्जेंटिनाचे रिकार्डो ला व्होल्पे होते. त्यांचे सर्वांत मुखर टीकाकार होते सांचेझ. राष्ट्रीय संघ मेक्सिकन प्रशिक्षकाच्या हाती असावा आणि मेक्सिकोने विश्वविजेतेपदाचे ध्येय बाळगावे, अशी त्यांची भूमिका होती. २००६ च्या विश्वचषकानंतर, नोव्हेंबर २००६ मध्ये, ही जबाबदारी त्यांच्याकडेच आली. अपेक्षांची जी पट्टी त्यांनी दुसऱ्यासाठी लावली होती, तिनेच आता त्यांचे मोजमाप होणार होते.

२४ जून २००७ रोजी शिकागो येथे गोल्ड कपच्या अंतिम सामन्यात अमेरिकेने मेक्सिकोला २-१ असे हरवले. प्रतिस्पर्धी शेजारी असल्याने हा पराभव जिव्हारी लागला. परंतु त्यानंतर अवघ्या तीन दिवसांत व्हेनेझुएलातील कोपा अमेरिका स्पर्धेत मेक्सिकोने ब्राझीलला २-० असे नमवले. नेरी कास्तिलो व रामोन मोरालेस यांनी गोल केले. उपांत्यपूर्व फेरीत पॅराग्वेवर ६-० असा विजय मिळाला, उपांत्य फेरीत अर्जेंटिनाकडून ०-३ असा पराभव झाला आणि अखेर उरुग्वेला ३-१ असे हरवून संघाने तिसरे स्थान मिळवले. ला व्होल्पे यांनी विश्वचषकातून वगळलेल्या क्वाउतेमोक ब्लांको यांना सांचेझ यांनी या स्पर्धेत स्थान दिले होते. केवळ या महिन्याच्या आधारे निर्णय द्यायचा झाल्यास सांचेझ यांना अपयशी प्रशिक्षक म्हणणे कठीण जाईल.

निर्णायक प्रसंग मार्च २००८ मध्ये कॅलिफोर्नियातील कार्सन येथे घडला. बीजिंग ऑलिंपिकच्या पात्रता स्पर्धेतील तेवीस वर्षांखालील संघाची सूत्रेही सांचेझ यांच्याकडेच होती. कॅनडाशी १-१ अशी बरोबरी व ग्वातेमालाकडून १-२ असा पराभव झाल्यावर हैतीविरुद्ध मोठ्या फरकाने जिंकणे भाग होते. पाच गोलांचा फरक हवा होता. मेक्सिकोने ५-१ असा विजय मिळवला, म्हणजे फरक चारचाच राहिला. त्या सामन्यात अनेक सोप्या संधी वाया गेल्या. गटातून कॅनडा व ग्वातेमाला पुढे गेले आणि मार्चअखेर महासंघाने सांचेझ यांना पदमुक्त केले.

अल्मेरिया आणि पचुका

डिसेंबर २००८ मध्ये स्पेनमधील अल्मेरिया या छोट्या संघाने हंगामाच्या मध्यात सांचेझ यांना पाचारण केले. संघाने तो हंगाम अकराव्या क्रमांकावर संपवला. मर्यादित साधने असलेल्या संघासाठी ही कामगिरी समाधानकारक होती. पुढील हंगामात निकाल घसरताच डिसेंबर २००९ मध्ये त्यांना दूर करण्यात आले. २०१२ मध्ये ते पचुका संघाचे काही महिने प्रशिक्षक होते. त्यानंतर दूरचित्रवाणीवरील फुटबॉल-विश्लेषक हीच त्यांची मुख्य ओळख राहिली.

मीमांसा

सांचेझ यांच्या प्रशिक्षकपदाबद्दल दोन स्पष्टीकरणे सामान्यतः दिली जातात. पहिले म्हणजे उपजत प्रतिभा शिकवता येत नाही. ज्याला सर्व काही पहिल्या स्पर्शात साधते, त्याला इतरांच्या चुका समजत नाहीत. या म्हणण्यात तथ्यांश आहे. कार्सन येथे तरुण खेळाडूंनी दवडलेल्या संधी पाहता ते पटण्याजोगेही वाटते. परंतु मग २००४ ची दोन विजेतेपदे कशी मिळाली, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. शिवाय सांचेझ यांची प्रतिभा उपजत होती हेच गृहीतक संशयास्पद आहे. स्पेनमधील पहिल्या हंगामातील ८ आणि नवव्या हंगामातील ३८ गोल यांमधील अंतर सरावाने व अवधीने कापले गेले होते.

दुसरे स्पष्टीकरण त्यांच्या स्वभावाचे आहे. आत्मविश्वास व स्पष्टवक्तेपणा यांमुळे त्यांनी शत्रू जोडले, असे म्हटले जाते. हेही अंशतः खरे. परंतु हाच स्वभाव पुमासमध्ये असतानाही होता आणि तेथे त्याच स्वभावाने संघाला धैर्य दिले.

म्हणून तिसऱ्या घटकाकडे, म्हणजे अवधीकडे, वळणे भाग पडते. पुमासमधील दुसऱ्या कारकिर्दीत पहिल्या विजेतेपदापूर्वी सांचेझ यांना सुमारे अडीच वर्षे मिळाली. राष्ट्रीय संघात त्यांना सोळा महिने मिळाले, अल्मेरियात वर्षभर आणि पचुकात वर्षही नाही. राष्ट्रीय संघात लावलेला निकष पुमासने लावला असता, तर २००४ चा संघ उभाच राहिला नसता. त्याचप्रमाणे पहिल्या हंगामातील ८ गोलांवरून ॲटलेटिकोने त्यांना परत पाठवले असते, तर पाच 'पिचिची' पुरस्कारांचा इतिहास घडला नसता. दोन्ही ठिकाणी धीर धरणारी संस्था होती आणि दोन्ही ठिकाणी फळ उशिरा आले.

यावर असा आक्षेप घेता येईल की अवधी यशामुळे मिळतो, यश अवधीमुळे नव्हे. हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. परंतु पुमासने त्यांना दुसऱ्यांदा बोलावले ते पहिल्या अपयशानंतर. तेथे विश्वास आधी आला आणि यश नंतर. या विश्वासाचे मूळ विद्यापीठाशी असलेल्या जुन्या नात्यात होते. क्लबने घडवलेला विद्यार्थी म्हणून सांचेझ तेथे परके नव्हते. दुसऱ्या बाजूने, २००५ मधील घसरणीवरून हेही दिसते की आपुलकीचा असा आधार यश मिळवून देण्यास उपयोगी पडतो, ते टिकवण्यास तेवढ्याने भागत नाही.

येथे सांचेझ यांची स्वतःची जबाबदारीही नोंदवणे न्याय्य ठरेल. ला व्होल्पे यांच्यावर टीका करताना त्यांनी तत्काळ फळाची जी अपेक्षा जनमानसात रुजवली, तीच पुढे त्यांच्यावर उलटली. धीराच्या बळावर घडलेल्या माणसाने अधीरतेच्या संस्कृतीला शब्द दिले. हा विरोध त्यांच्या चरित्रातील सर्वांत विचारप्रवर्तक भाग होय.

निष्कर्ष

१) सांचेझ यांच्या जडणघडणीत विद्यापीठाचा वाटा केवळ मैदान पुरवण्यापुरता नव्हता. शिक्षण, ज्येष्ठांचे सान्निध्य व स्थैर्य या गोष्टी त्यांना तेथेच मिळाल्या.

२) स्पेनमधील त्यांचे यश टप्प्याटप्प्याने आले. पहिल्या 'पिचिची'साठी चार हंगाम लागले. 'पहिल्या स्पर्शातील गोल' हे दीर्घ तयारीचे व संघाच्या सहकार्याचे फळ होते.

३) राष्ट्रीय संघातील त्यांच्या मर्यादित यशाला प्रशासनाचे गैरव्यवहार, विशेषतः १९८८ चे वयचोरीचे प्रकरण, मोठ्या प्रमाणात कारणीभूत आहे.

४) प्रशिक्षक म्हणून त्यांना भरीव यश मिळाले ते ज्या संस्थेने त्यांना घडवले व अपयशानंतरही पुन्हा संधी दिली त्या संस्थेत. इतरत्र त्यांच्या क्षमतेची पुरेशी परीक्षाच झाली नाही. म्हणून ते 'अपयशी प्रशिक्षक' होते हा निर्णय उपलब्ध पुराव्याच्या पलीकडे जातो.

५) हैतीविरुद्ध कमी पडलेला एक गोल ही पदमुक्तीची तात्कालिक घटना होती. तिचे खरे कारण सोळा महिन्यांत अंतिम निवाडा मागणाऱ्या व्यवस्थेत शोधावे लागते. एखाद्या व्यक्तीच्या गुणवत्तेचे मोजमाप करण्यापूर्वी तिला किती अवधी दिला गेला हे विचारणे, ही इतिहासलेखनाची आणि माणसे घडवण्याचे काम करणाऱ्या प्रत्येक संस्थेची जबाबदारी आहे.